एक कोयता म्हणजे किती माणसं?

साखर कारखान्यातून रिटायर झालो म्हटलं की समोरचा माणूस आधी विचारतो, दिवाळीला साखर स्वस्तात मिळायची का. दुसरा प्रश्न असतो, ‘कोणत्या खात्यात होतात?’ तिथं माझी पंचाईत होते. शेतकी, उत्पादन, इंजिनिअरिंग ही खाती लोकांना ठाऊक असतात. मी शेवटची अकरा वर्षं ज्या टेबलावर काढली त्याला खातंच नव्हतं, नुसती पाटी होती: ‘शाश्वत विकास व सामाजिक उत्तरदायित्व’. पाटी लागली त्याच आठवड्यात एक गृहस्थ आत आले, पाटी मन लावून वाचली आणि म्हणाले, “विहिरीच्या अनुदानाचे फारम हितंच भेटत्यात का?” मी नाही म्हटल्यावर ते बराच वेळ रागानं बघत बसले होते.

काम सांगायला सोपं होतं. आमच्या सहकारी कारखान्याची बरीचशी साखर एक थंड पेयं करणारी कंपनी घ्यायची. त्या कंपनीला वरून कोणीतरी विचारायचं की तुमची साखर येते कुठून, ती करताना पाणी किती गेलं, झाडं किती लावली, माणसांना कसं वागवलं. कंपनी तेच आम्हाला विचारायची. त्यासाठी दरवर्षी एक जाडजूड फॉर्म यायचा, तो भरायचा, सोबत फोटो आणि चार पानं मजकूर जोडायचा. कंपनी त्यातलं आपल्या चकचकीत अहवालात छापायची आणि वर्षातून एकदा कोणीतरी येऊन तपासणी करून जायचं.

मी मूळचा शेतकी खात्यातला ऊसनोंदीचा क्लार्क. पहिला फॉर्म आला तेव्हा एमडी साहेबांनी मला बोलावलं. “अप्पा, तुमचं इंग्रजी बरं आहे. जरा भरून टाका एवढं,” म्हणाले. ते ‘जरा’ अकरा वर्षं चाललं.

मी खोटं लिहिलं नाही. ही फुशारकी मला तेव्हा फार होती, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. झाडांच्या रकान्यात काय लिहायचं म्हणून मी सायकल काढून एकेक झाड मोजून आलो आणि जगलेल्यांचाच आकडा टाकला. चेअरमन साहेबांना तो फारच किरकोळ वाटला. ते मोठे बागायतदार, राजकारणात मुरलेले, पण माणूस दिलखुलास. “अप्पा, त्यांनी लावलेली झाडं विचारली ना? मेलेल्याची उठाठेव कशाला करता?” असं हसत हसत म्हणाले. मी आकडा बदलला नाही. त्यांनीही पुढं ताणलं नाही.

पाण्याच्या रकान्यानं मात्र माझी चांगली जिरवली. उसाच्या रसातच पुष्कळ पाणी असतं. रस आटवताना त्याची वाफ होते, ती थंड करून तेच पाणी कारखान्यात पुन्हा वापरता येतं. आम्ही ते करायला लागलो आणि धरणातून कमी पाणी उचललं. ‘कारखान्याने पाणी वाचवले’ असं मी झोकात लिहिलं, आणि ते बीडच्या एका पेपरात आलं. चार दिवसांनी पालीचे एक शेतकरी एसटीनं थेट माझ्या टेबलापाशी. हातात पेपर.

“वाचिवलेलं पानी कुठं ठिवलंय?” त्यांनी विचारलं. “दोन टँकर मला पायजेत. मोसंबी वाळाय लागली.”

मी त्यांना चहा पाजला आणि वाफेचं सगळं समजावलं. ते शांतपणे ऐकत होते.

“म्हंजी जे घेतलंच न्हाई, ते पानी,” ते म्हणाले.

“हो.”

“मग मी बी तुमच्या कारखान्याचं पानी कदी घेतलं न्हाई. माझं बी नाव छापा.”

ही गोष्ट मी कितीतरी वर्षं लग्नकार्यात सांगून लोकांना हसवत आलो. पण नोकरीतल्या आठवणी लिहा असं एका मासिकाच्या संपादकांचं पत्र आलं आणि लिहायला बसलो तेव्हा ठरवलं की या वेळी हसवून मोकळं व्हायचं नाही. दुसरी एक गोष्ट आहे. ती मी बायकोलासुद्धा पुरती सांगितलेली नाही.

फॉर्ममध्ये एक तक्ता असायचा: कामगार, पुरुष किती, स्त्रिया किती. कारखान्यातल्या कामगारांची हजेरी असते, तिथं अडचण नव्हती. प्रश्न ऊस तोडणाऱ्यांचा. ते कारखान्याचे नोकर नसतात. मुकादम टोळी जमवतो, टोळी येऊन फडाशेजारी कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, घालून राहते, आणि मुकादम आम्हाला यादी देतो. त्या यादीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे एक नवराबायको. तो ऊस तोडतो, ती मागं उसाचा पाला सोलते, मोळी बांधते, आणि ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवते. नाव नवऱ्याचं, अंगठा नवऱ्याचा. आमच्या भागात ‘भानुदास मुकादमाकडं चाळीस कोयते आहेत’ म्हटलं की सगळ्यांना कळतं, आणखी काही सांगावं लागत नाही.

मी यादीतली नावं मोजली. सगळी पुरुषांची. पुरुषांच्या रकान्यात ती बेरीज टाकली आणि स्त्रियांच्या रकान्यात शून्य. त्याच्या पुढं एक अख्खं पान बायकांबद्दल होतं: संडास आहेत का, गरोदर बाईला हलकं काम देता का, तान्ह्या मुलांना सावली आहे का, बाई डॉक्टर येते का. वर सूचना होती की स्त्री कामगार नसल्यास ‘लागू नाही’ लिहावे. माझं अक्षर चांगलं आहे. मी प्रत्येक ओळीपुढं सुबक अक्षरात ‘लागू नाही’ लिहिलं आणि पान उलटलं. असं तीन वर्षं केलं.

आता यावर कोणी म्हणेल, अप्पांना ठाऊक नसेल. माझ्या वडिलांचं केजला किराणा दुकान होतं. दिवाळी झाली की टोळ्या निघायच्या आधी सामान भरायला यायच्या आणि मी गल्ल्यावर बसलेलो असायचो. “किती कोयते?” वडील विचारायचे आणि कोयत्यामागं दोन माणसांचं पीठ, दोन माणसांचं तिखटमीठ बांधायचे. एका माणसाचं सामान त्यांनी कुठल्याच कोयत्याला दिलं नाही. ते मी रोज डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी फॉर्म भरताना ते माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. याचा धक्का मला अजून पचलेला नाही.

मग दुष्काळ पडला. एक वर्ष ओढून नेलं, दुसऱ्या वर्षी मांजरा नदीचं पात्र उघडं पडलं. अर्धा ऊस जनावरांच्या चाऱ्याला गेला. उरलेल्यावर गाळप सुरू झालं आणि टोळ्या आल्या. कंपनीला दुष्काळाची बातमी पोचली होती. त्यांनी कळवलं की तोडणी कामगारांच्या पिण्याच्या पाण्याची सोय आम्ही करतो. माणशी रोज दोन घागरी, टँकरनं, तळावर पोच. कामगारांचा आकडा त्यांनी विचारला नाही. तो त्यांच्याकडं होताच, माझ्या अहवालातला.

मला आनंद झाला. इतकी वर्षं कागद काळे केले, त्यातून खरंच पाणी आलं, असं वाटलं. युसूफ वडगावच्या पुढं भानुदासच्या टोळीचा तळ होता. तिथं मी टँकरचा फोटो काढला आणि ‘प्रत्येक कामगारास दारात पाणी’ असा मथळा दिला. कंपनीनं तो फोटो अहवालात मोठा करून छापला, पेपरांनाही दिला. त्यात घागर भरणारी बाई आहे. शून्य बायका असलेल्या अहवालात एक बाई घागर भरते आहे, आणि हे मला दिसलं नाही, एमडींना दिसलं नाही, कंपनीत ज्यांनी छापलं त्यांनाही दिसलं नाही.

ऊन तापायला लागलं तेव्हाची गोष्ट. मी आणखी फोटो काढायला त्याच टोळीच्या फडावर गेलो होतो. ट्रक भरत होते. एक बाई मोळी घेऊन फळीवर चढत होती, अर्ध्यावर थांबली, आणि मोळीसकट खाली आली. आरडाओरडा झाला. ती डोळे उघडेना. मी कारखान्याची जीप घेऊन आलो होतो, तिच्यात बाईला घातलं, तिच्या नवऱ्याला बसवलं आणि केजच्या दवाखान्यात नेलं.

बाईचं नाव मंदाबाई, नवऱ्याचं परमेश्वर. मोडलं काही नव्हतं. सलाईन लावल्यावर अर्ध्या तासात ती बोलायला लागली. डॉक्टर एक बाईच होत्या, कामानं कावलेल्या.

“दिवसाला पाणी किती पिता?” त्यांनी विचारलं.

“सांजच्याला येक तांब्या,” मंदाबाई म्हणाली.

“दिवसभर उन्हात राबता आणि एक तांब्या? लघवीला जळजळ होते का?”

“लई दिस झालं. व्हती तशीच.”

“पाणी का पीत नाही मग? टँकर येतो ना तुमच्याकडं? मी पेपरात वाचलं.”

“येतो की,” मंदाबाई म्हणाली. “पर ते मालकाच्या नावचं येतं. माझ्या नावचं न्हाई. त्यातलं सैपाकाला लागतं, लेकरास्नी लागतं, मालक फडात घेऊन जात्यात. उरलं तर मी पिते.” मग म्हणाली, “आन लई पिऊन तरी काय करू? पिलं की जावं लागतं. फडात मानसं आस्त्यात. जायाचं कुठं?”

डॉक्टरबाई माझ्याकडं वळल्या. “तुम्ही कोण?”

“कारखान्याचा.”

“काय काम करता?”

“लिहितो,” मी म्हणालो. 

त्या तपासायला दुसऱ्या खाटेकडं गेल्या. परमेश्वर माझ्याजवळ आला आणि हात जोडून म्हणाला, “सायेब, मुकादमाला येवढं सांगा, आजचा खाडा धरू नका. हिच्याबिगर गेलो तर अर्धा कोयता धरत्यात.”

मला पहिल्यांदा नीट उमजेना. मी पुन्हा विचारलं. त्यानं समजावून सांगितलं, जसं कोणी शहाणा माणूस अडाण्याला सांगतो तसं. बायको कामावर नसली की त्या दिवशी तो अर्धा कोयता. मुकादमाच्या वहीत तशी खूण होते, आणि लागोपाठ झाल्या तर पुढच्या हंगामाला त्या जोडप्याला कोणी नेत नाही. म्हणजे ती गैरहजर राहिली की वहीत ती अर्धी होती. हजर असली की माझ्या फॉर्मात शून्य. मी दवाखान्याच्या बाकड्यावर बसून राहिलो. परमेश्वरनं माझ्या हातातला कॅमेरा काढून बाजूला ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून मी वही घेऊन तळातळावर हिंडलो. बायकांची नावं लिहून घ्यायला. ते काम फोटोइतकं सोपं नव्हतं. “नाव कशापायी? मालकाचं हाय की,” असं बहुतेक जणी म्हणायच्या. एक आजीबाई तर चिडल्याच, “नाव घिऊन काय मिसरूड फुटनार हाय का मला?” पण मंदाबाई परत आली होती. तिनं आपलं नाव दिलं आणि बाकीच्यांना दमात घेतलं: “द्या गं. पान्यासाटी हाय.” मग नावं आली.

नवा तक्ता घेऊन मी एमडींपुढं उभा राहिलो. त्यांनी चष्मा वर केला. “अप्पा, मागच्या अहवालात शून्य होत्या. आता इतक्या बायका आल्या कुठून?”

“आल्या नाहीत साहेब. पहिल्यापासून आहेत. चूक माझी आहे, तसं पत्र जोडलंय.”

एमडी भला माणूस होता. ते स्वतःशीच ‘अरे देवा’ म्हणाले आणि सही केली. आठवड्याच्या आत टँकरची खेप दुप्पट झाली. मी पुढं एकदा तळावरून जात होतो तर मंदाबाई कोपीतून ओरडली, “अप्पा, माझं पानी आलं!” ती घागर तिनं वेगळी ठेवली होती, वर ताटली झाकून. नोकरीतली माझी सगळ्यात मोठी कमाई कोणती असं कोणी विचारलं तर मी ते दोन महिने सांगेन. हंगाम संपेपर्यंत त्या तळावर प्रत्येक बाईच्या नावचं पाणी येत होतं.

हंगाम संपला आणि कंपनीचं पत्र आलं. पत्र सभ्य होतं. बायका काम करतात हे कळलं, प्रामाणिकपणे कळवल्याबद्दल आभार. आता त्या आहेत म्हटल्यावर पुढच्या हंगामाआधी तळावर संडास, मुलांना सावली, बाई डॉक्टरांची फेरी आणि गरोदर बाईच्या डोक्यावर मोळी नाही, एवढं झालं पाहिजे. नाहीतर साखर घेण्याबद्दल विचार करावा लागेल. मी ते पत्र दोनदा वाचलं आणि फक्त उड्या मारायचं बाकी ठेवलं. तीन वर्षं ‘लागू नाही’ लिहिलेलं ते पान आता भरायला मिळणार होतं.

संचालक मंडळाची बैठक झाली. मला दाराशी खुर्ची दिली होती. चेअरमन साहेबांनी पत्र वाचलं. त्यांचा नेहमीचा हसरा चेहरा उतरला होता. “ऊस न्हाई, पाणी न्हाई, औंदा बॉयलर पेटंल का न्हाई ते ठाऊक न्हाई,” ते म्हणाले, “आन ह्यांना रानात संडास पायजेत. हे कोन बांधनार?”  मग ते माझ्याकडं वळले. रागानं नाही, अगदी आपलेपणानं म्हणाले, “अप्पा, बायका तुमी आणल्या. आता तुमीच घालवा.”

ठराव झाला: ‘ऊसतोडणीसाठी यापुढे केवळ पुरुष कामगारांचीच टोळी घेण्यात यावी.’ भाषा माझी आहे. कारखान्यात चांगलं मराठी लिहिणारा मीच होतो, म्हणून मसुदा माझ्याकडं आला. मी मान खाली घालून लिहिला. बाहेर आल्यावर भानुदास मुकादमाला गाठून विचारलं, “मग आता बायका?”

भानुदास माझ्या भाबडेपणावर हसला. “येतील की. कोयता काय येका हातानं चालतो का, अप्पा? फकस्त तपासनीला दिसनार न्हाईत.”

मी एमडींकडं गेलो. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “ठराव तर झालाय, अप्पा. कारखाना बंद पडला तर कोणालाच काही नाही.”  मी राजीनामा देऊ शकलो असतो. दिला नाही. मुलीचं लग्न ठरलेलं होतं वगैरे कारणं तेव्हा माझ्यापाशी भरपूर होती.

पाऊस त्याही वर्षी पाठ फिरवून गेला. कशीबशी हंगामाची पहिली मोळी टाकली, गाळप सुरू झालं. टँकर आला, पण नव्या यादीनं; यादीत पुरुष. मी तळांवर जायचं टाळायला लागलो. एकदा केजच्या बाजारात मंदाबाई समोरून आली, मला बघून थांबली. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, “अप्पा, तुमी वाईट वाटून घिऊ नका. कोयता तरी हाय.” मी रस्ता ओलांडून पलीकडं गेलो. तिच्याशी दोन शब्द बोलायची माझी हिंमत झाली नाही.

तपासणीला त्या वर्षी एक मॅडम आल्या. तरुण, पण कामाला पक्क्या. सकाळी कारखाना पाहिला, पाण्याची पाईपलाईन स्वतः चालत जाऊन पाहिली. मग म्हणाल्या, “तोडणीची टोळी पाहायची.” आम्ही भानुदासच्या तळावर गेलो. गाडीतून उतरलो.

कोप्या होत्या. चुली होत्या. चुलींपुढं पुरुष बसून भाकरी थापत होते. दोरीवर धोतरं आणि पँटी वाळत होत्या. एकही लुगडं नाही, एकही बांगडीचा तुकडा नाही, एकही लेकरू नाही. परमेश्वर परातीत पीठ घेऊन बसला होता. त्याच्या हाताखालची भाकरी कडेनं फाटत होती आणि तो ती पुन्हा गोळा करून पुन्हा थापत होता. माझ्याकडं त्यानं पाहिलं नाही.

मॅडम त्याच्यापाशी वाकल्या. “रोज तुम्हीच करता का स्वयंपाक?”

“व्हय.”

“आणि घरच्या कुठं आहेत?”

“गावाकडं,” परमेश्वर म्हणाला. पाठ केल्यासारखं.

“मोळ्या कोण बांधतं?”

“आमीच बांधतो.”

मॅडमनी त्याच्या फाटक्या भाकरीकडं पाहिलं आणि काहीतरी लिहिलं. त्या खुळ्या नव्हत्या. त्या तळाच्या कडेला गेल्या, जिथं न तोडलेला ऊस सुरू होत होता. आम्ही मागोमाग. वारा पडला होता, पान हलत नव्हतं. आणि आत कोणीतरी खोकलं.

“आत कोणी आहे का?” मॅडमनी विचारलं.

“डुकरं हायत मॅडम,” भानुदास चटकन म्हणाला. “रानडुकरं. उसात बसत्यात.”

मॅडमनी त्याचं उत्तर लिहिलं नाही. त्या माझ्याकडं वळल्या. “अप्पा, तुम्ही बघून येता? तुम्ही सांगाल ते मी लिहीन. मागच्या वर्षी आकडा तुम्हीच दुरुस्त केला होतात, मला फाईलमध्ये दिसलं.”

मी उसात शिरलो. पाचसहा सरी ओलांडल्या आणि पुढं पाऊल टाकायला जागा नव्हती. सगळ्या तिथं होत्या. सरीसरीत उकिडव्या बसलेल्या, एकीला लागून एक, पदर तोंडावर घेतलेल्या. तान्ह्या लेकरांच्या तोंडावर हात ठेवलेले. पानांच्या कडांनी चेहरे ओरबाडलेले. सकाळी गाडी येणार म्हणून उजाडताच त्यांना आत घातलं होतं आणि आता दुपार झाली होती. 

मंदाबाई अगदी पुढं होती. मी तोंड उघडायच्या आत तिनं ओठांवर बोट ठेवलं. मी तिच्याजवळ वाकलो.

“बाई, बाहेर चला,” मी कुजबुजलो. “त्या चांगल्या आहेत. त्यांना सगळं सांगू.”

“नगं अप्पा. तुमच्या पाया पडते.” तिनं खरंच माझा पाय धरला. “मागल्या बारीला तुमी खरं लिवलं आन आमास्नी उसात घातलं. आता लिवलं तर कोयताच जाईल. ह्या दुस्काळात कुठं जावं आमी? तुमी जा. लेकरू उठंल.”

“पाणी पिलात का सकाळपासून?”

तिनं मान हलवून नाही म्हटलं. माझ्या खांद्याच्या पिशवीत गाडीत मिळालेली पाण्याची बाटली होती, कंपनीनं पाहुण्यांसाठी ठेवलेली. ती मी तिच्या हातात दिली. तिनं झाकण काढलं नाही. बाटली तशीच मागच्या बाईकडं दिली, तिनं तिच्या मागच्या बाईकडं, आणि ती सरीतून पानांआड निघून गेली.

मी परत फिरलो.  माझ्या डोक्यात दोनच गोष्टी होत्या. खरं सांगितलं तर मॅडम ऐकतील, लिहितील, आणि कंपनी कळवेल की साखर नको. तिचा कोयता जाईल. खोटं सांगितलं तर तो राहील. तोवर मी झाडाचा एक आकडा फुगवला नव्हता.

बाहेर आलो. मॅडम पेन उघडून उभ्या होत्या. भानुदासचा चेहरा पांढरा पडला होता.

“काय आहे?” मॅडमनी विचारलं.

“डुकरंच आहेत,” मी म्हणालो.

त्यांनी लिहून घेतलं. त्याखाली सही करायला फॉर्म माझ्यापुढं धरला आणि मी सही केली. तेवढ्यात मागं उसात एक लेकरू रडलं. चांगलं मोकळ्या आवाजात, भुकेलं. मग एकदम आवाज दाबला गेला.

मॅडमनी वर पाहिलं. उसाकडं, मग माझ्याकडं. त्यांचे डोळे मोठे झाले होते, आणि मला वाटलं आता त्या धावत आत जाणार. मनातून मी म्हणत होतो, जा, जा.

त्यांनी माझ्या सहीचा कागद फाईलमध्ये ठेवला. “चला,” त्या म्हणाल्या, “मला अंधाराच्या आत बीडला पोचायचंय.”